उजवीकडे दहा, साहेब

बावीस वर्षांत माझ्या हातून एकाही जहाजाला ओरखडा पडलेला नाही! हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

मी पायलट आहे. विमानाचा नव्हे, बंदराचा. दोन-दोनशे मीटर लांबीची जहाजं भर समुद्रातून येतात आणि बंदराच्या तोंडाशी येऊन बुजतात. इथली वाळू कुठं पाय पसरून झोपली आहे, पाणी कुणीकडे ओढतं, त्यांना काय ठाऊक! मग मी लहान होडीतून जातो, दोरीच्या शिडीनं वर चढतो, आणि झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं तसं ते जहाज धक्क्याला आणून लावतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, घोटाळा तिथंच आहे. पायलट जहाजाच्या चाकाला हात लावत नाही. तो पाठीमागे हात बांधून उभा राहतो आणि बोलतो. ‘उजवीकडे दहा’ म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश. चाकावरचा खलाशी ते शब्द आधी मोठ्यानं परत म्हणतो, ‘उजवीकडे दहा, साहेब’, आणि मग चाक फिरवतो. बावीस वर्षं मी बोलतोय आणि समोरचं वळतंय. माणसाचा स्वतःविषयी गैरसमज व्हायला आणखी काय लागतं?

घरीही तीच रीत. गाडी आमची ही चालवते. मी शेजारी बसून डावीकडे पाच, सरळ ठेव, वेग कमी, असं सांगत असतो, आणि गाडी बरोबर तशीच जाते! धक्क्यावर न्यायला-आणायला खात्याची जीप आणि जीपला चालक. सगळं आयुष्य कसं तेल घातलेल्या बिजागरीसारखं चाललं होतं.

त्यात सरकारचं नवं वाहतूक धोरण आलं. हिरव्या वेष्टनाची जाड पुस्तिका. भाग पहिला, खलाशांचे पगार. भाग दुसरा, पायलटांचे परवाने. भाग तिसरा, वाहनचालकांचे परवाने. पगाराचा भाग आमच्या कचेरीत इतक्यांनी वाचला की त्याच्या पानांवर चहाच्या कपांचे गोल उमटले. मीही तेवढाच वाचला, कारण आमची एकुलती एक लेक जहाजावर तिसरी अधिकारी आहे. पगारवाढीची बातमी मी तिला ताबडतोब कळवली. दोन दिवसांनी समुद्रातून तिचा निरोप आला. पगाराचं कळलं, आमचं जहाज शनिवारी सकाळी तुमच्याच बंदरात येतंय, आणि बाबा, दुसरा भाग वाचलात का?

मी निरोपाचं मधलं वाक्य तेवढं वाचलं आणि खुर्चीतून उडालोच! पोर आमच्या बंदरात! लहानपणी ही लेक धुण्याच्या टबात बसायची आणि मी टब ओढत अंगणभर फिरवायचो. ‘बाबा, मला धक्क्याला लावा,’ म्हणायची. आता ती खऱ्या जहाजावर उभी असणार आणि ते जहाज धक्क्याला लावणार मी! कचेरीत सगळ्यांना सांगून टाकलं. शनिवारचं जहाज माझं, कुणी हात लावायचा नाही.

मग दुसरा भाग उघडला. त्याची पानं एकमेकांना चिकटलेलीसुद्धा सुटली नव्हती. आत लिहिलं होतं की जीपचे चालक आता इतर कामाला गेले, यापुढे पायलटानं धक्क्यापर्यंत जीप स्वतः चालवत यायचं, आणि ज्याच्याकडे वाहनाचा परवाना नाही त्याच्या पायलट-परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. माझ्या परवान्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. मी हे वाचत होतो तो दिवस होता सोमवार.

आणि मला परवाना नाही मिळाला, तर लेकीचं जहाज कुणाकडे जाणार? भोंग्याकडे! भोंगा म्हणजे आमचा दुसरा पायलट. माणूस वाईट नाही, पण एखादी गोष्ट त्याच्या हातून झाली की ती तो निवृत्तीपर्यंत ऐकवतो. ‘तुमच्या लेकीला मी आणली हो,’ हे वाक्य पुढची अकरा वर्षं मला रोज डब्याबरोबर खावं लागलं असतं.

तरी मी घाबरलो नाही. शिकाऊ परवाना हिनं मागेच माझ्या मानगुटीवर बसून काढून ठेवला होता. बुधवारची परीक्षा मिळाली. ही म्हणाली, निदान दोन दिवस सराव करा. मी हसलो. जो माणूस दोनशे मीटर वळवतो तो चार मीटर वळवणार नाही?

“अगं, तुला इतकी वर्षं रस्ता कोण सांगतंय?”

“अहो, तुम्ही ‘डावीकडे’ म्हणायच्या आधीच मी वळवलेली असते. तुम्हाला बरं वाटतं म्हणून बोलू देते.”

हे मी मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

बुधवारी परीक्षेच्या मैदानावर तीसेक उमेदवार दोरीमागे उभे होते. परीक्षेच्या गाडीत तपासनिसाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, हे मला तिथंच कळलं. तपासनीस म्हणजे खारवलेल्या चेहऱ्याचा, मान ताठ असलेला गृहस्थ. नवं धोरण त्याच्याही वाट्याला आलं होतं. समुद्रावरून निवृत्त झालेल्यांना जमिनीवरच्या परवाना-विभागात घ्यावं, असं तिसऱ्या भागात होतं. तीस वर्षं जहाजावर नोकरी केलेला हा माणूस गेल्याच आठवड्यात इथं रुजू झाला होता. जहाजावर काय काम होतं, हे मी विचारलं नाही. तेही विचारायला हवं होतं.

मी किल्ली फिरवली. गाडी थरथरली. समोर लाल-पांढरे शंकू मांडलेले, त्यांच्यामधून इंग्रजी आठच्या आकड्यात जायचं. आणि त्या थरथरीनं काय झालं कोण जाणे, माझे हात आपले आपण पाठीमागे गेले. बसल्याबसल्या मी ते पाठ आणि सीट यांच्यामध्ये बांधले, नजर लांब लावली आणि शांतपणे म्हणालो, “अगदी सावकाश पुढे.”

शेजारून आवाज आला, “अगदी सावकाश पुढे, साहेब.”

तपासनिसानं पहिला गिअर टाकला आणि आपल्या पायाखालचा क्लच अलगद सोडला. गाडी हलली!

“उजवीकडे दहा.”

“उजवीकडे दहा, साहेब.”

त्यानं हात लांब करून चाक धरलं. तीस वर्षं तो सुकाणूवरच होता! पायलटाचा आवाज कानी पडला की त्याचे हात त्याला विचारत नसत, जसं माझं तोंड मला विचारत नव्हतं. आम्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की आपण जमिनीवर आहोत. आणि काय सांगू तुम्हाला, गाडी काय चालली! पाण्यात बदक जावं तशी. पहिला शंकू, दुसरा शंकू, मधली अरुंद वाट, डावीकडे पंधरा, सुकाणू मध्यावर, पुन्हा उजवीकडे. आठाचा आकडा असा निघाला की शाळेतल्या बाईंनी फळ्यावर काढावा. दोरीमागचे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, हा काहीतरी नवा शासकीय प्रकार असावा.

ठरलेल्या खांबापाशी मी म्हणालो, “थांबवा. बांधून घ्या.”

“बांधून घेतो, साहेब,” म्हणत तो झटकन उतरला आणि गाडी खांबाला बांधण्यासाठी दोर शोधू लागला.

दोन पावलं गेला. वाकला. मग तसाच वाकलेला थांबला. उन्हात तीस माणसं त्याच्याकडे बघत होती. हळूहळू त्याची मान लाल झाली, मग कान. तो परत आला, खिडकीत वाकून त्यानं माझे पाठीमागे बांधलेले हात पाहिले, माझ्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं आणि कागद काढला.

“गाडी फार सुंदर चालली,” तो म्हणाला. “पण या परीक्षेत पास झालो मी. तुम्ही चाकाला हात लावला नाही, आणि पट्टासुद्धा बांधला नाही.”

नापास! मैदानातून बाहेर आलो तर भोंग्याचा निरोप हजर. शनिवारसाठी आपण गणवेश इस्त्रीला टाकलाय, तुम्ही काळजी करू नका.

घरी मी सोफ्यात जो बुडालो तो जेवायलाही वर येईना. ही माझ्या शेजारी बसली. चिडवेल असं वाटलं होतं. पण ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. फोटोत टब होता, टबात दोन वेण्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाली, “तिला आणायचं तर तुम्हीच. उठा.”

नियमानं एक दिवस सोडून पुन्हा परीक्षा देता येत होती, म्हणजे शुक्रवारी. गुरुवारी सकाळी सहा वाजता हिनं मला चाकावर बसवलं. मी जहाजासारखा विचार करत होतो. जहाज थांबवायचं तर मैलभर आधी वेग कमी करावा लागतो, म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानासाठी दोन गल्ल्या आधीच ब्रेक दाबत होतो. मागच्या दूधवाल्यानं सायकलवरून आम्हाला तीनदा मागे टाकलं. त्यात माझं तोंड चालूच. ‘डावीकडे पाच’ म्हणायचं आणि कुणी परत म्हणेल म्हणून वाट बघायची, तोवर डावं वळण निघून जायचं. शेवटी हिनं माझ्या डोक्यात बसावं म्हणून गाणंच रचलं. जात्यावर बसल्यासारखी एका लयीत म्हणायची आणि माझ्याकडून म्हणून घ्यायची, मनातल्या मनात.

*पट्टा आधी, आरसा मग,*
*पाय हलके, समोर बघ,*
*ओठ मिटून, चाकावर हात,*
*गाडी आण गं सुखरूप दारात.*

दिवसभर म्हटलं. जेवताना म्हटलं. आंघोळीला गेलो तर टॉवेल आडवा खांद्यावरून घेऊन कमरेशी खोचला. मनात म्हणायचं ते ओठांवर येई, म्हणून शुक्रवारी निघताना हिनं माझ्या दोन्ही गालांत एकेक लिंबाची गोळी कोंबली.

मैदानावर तोच तपासनीस. मला पाहताच तो गाडीत बसला आणि त्यानं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. कानात कापूस होता. मी पट्टा बांधला, आरसा पाहिला. त्यानं विचारलं, तयार आहात का? मी फुगलेल्या गालांनी मान हलवली. दुसऱ्या शंकूपाशी गाडी जरा तिरपी झाली तेव्हा त्याचा उजवा हात मांडीखालून निसटायला लागला. तो स्वतःच्याच हातावर आणखी जोरात बसला. माझ्या तोंडात ‘डावीकडे पाच’ इतकं दाटून आलं होतं की डाव्या गालातली गोळी कडकन फुटली! पण शब्द बाहेर पडू दिला नाही. दोन घामाघूम दर्यावर्दी, एक मुका नि एक थोटा, आठाच्या आकड्यातून रांगत बाहेर आले.

पास! पाचला दहा मिनिटं कमी असताना माझ्या पायलट-परवान्यावर शिक्का पडला. भोंग्यानं इस्त्रीचा गणवेश परत कपाटात टांगला.

शनिवारी सकाळी मी स्वतः जीप चालवत धक्क्यावर गेलो. वाटेत कुणीच आडवं आलं नाही, किंवा आलं असेल तर वेळेवर बाजूला झालं. होडीतून गेलो. पाणी नुकतं उजळत होतं, माशाच्या पोटासारखं. शिडी चढताना गुडघे दुखले नाहीत, की दुखले ते कळलं नाही. वर सुकाणूच्या खोलीत पाय ठेवला. कप्तान होते, चाकावर खलाशी होता, आणि नोंदवहीपाशी, पांढऱ्या सदऱ्यात, ताठ उभी, ती.

कामावर असलेला अधिकारी बाबांच्या गळ्यात पडत नाही. ती खणखणीत आवाजात म्हणाली, “पायलट जहाजावर आले.” पण डोळे! डोळे अगदी टबात बसलेले होते.

बावीस वर्षांत कधी झालं नव्हतं असं झालं, पहिला शब्दच सुचेना. सगळे माझ्या आज्ञेची वाट बघत उभे. मी मनातल्या मनात धीर गोळा करायला लागलो, आणि मनात दोन दिवस एकच गोष्ट वाजत होती. पट्टा आधी.

माझा हात खांद्यामागे गेला. तिथं काही नव्हतं. मी दुसऱ्या खांद्यामागे पाहिलं. मग जरा मागे सरकून भिंत चाचपली. चाकावरचा खलाशी वळून बघायला लागला. कप्तानांनी विनयानं विचारलं की पायलटसाहेबांचं काही हरवलंय का.

लेक एक पाऊल पुढे आली आणि अगदी हळू म्हणाली, “बाबा, जहाजाला पट्टा नसतो.”

मग मी हात पाठीमागे बांधले. “उजवीकडे दहा,” म्हणालो, आणि समोरून उत्तर आलं, आणि ते लांबलचक लोखंड सकाळच्या पाण्यावर असं काही वळलं की काय सांगू! धक्क्याला टेकलं तेव्हा कप्तानांच्या कपातला चहाही हलला नाही. खाली धक्क्यावर आमची ही दोन्ही हात हलवत होती.

उतरण्याआधी पायलटानं जहाजाच्या नोंदवहीवर सही करायची असते. लेकीनं वही पुढे केली. तिचं अक्षर लहानपणापासून सुरेख, आणि लिहिण्यात ती पहिल्यापासून फार प्रामाणिक. सात वाजून दहा मिनिटं, पायलट जहाजावर आले. सात वाजून बारा मिनिटं, पायलटांनी पट्टा शोधला. मिळाला नाही.

सही केली. करावीच लागते.