सतरा मिनिटांची वाटी

एकाच आठवड्यात सूपवाल्या बाईंच्या दुकानातून चार गिऱ्हाइकं सूप न घेता परत गेली. सुपाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. समोरच्या विमा कचेरीतली मंडळी काउंटरवर यायची, प्लास्टिकची वाटी बघायची आणि विचारायची, "दुसऱ्या कशात मिळेल का?" नाही म्हटलं की शेजारी जाऊन सँडविच घ्यायची. आठ वर्षं ह्याच लोकांनी ह्याच वाट्यांतून निमूटपणे सूप प्यायलं होतं. पण आता त्यांचं मन बदललं होतं, आणि ते बाईंना झोंबलं.

"आपण खायची वाटी करायची," दुकान आवरताना त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सूप प्यायचं, वाटी खायची. मागे काही उरायला नको."

"त्यापेक्षा कागदाची आणू ना."

"तिलाही आतून प्लास्टिकचा थर असतो. विचारून आलेय मी."

"अगं, पण लोक सूप प्यायला येतात, भांडी खायला नाही."

"खातील."

नवऱ्याने पिठाचा डबा खाली काढला. बाई अशा एका शब्दात बोलल्या की पुढे वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्याला लग्नाच्या बावीस वर्षांत कळलं होतं.

पहिली वाटी इतकी कडक निघाली की नवरा दोन दिवस एकाच बाजूने जेवत होता. दुसरीने चौथ्या मिनिटाला बूड सोडलं आणि गरम सूप टेबलावरून त्याच्या चपलेत उतरलं. बाईंनी हार मानली नाही. रोज दुपारची गर्दी ओसरली की त्या घड्याळ घेऊन बसायच्या आणि नवरा वाटीवर डोळे लावून खबर द्यायचा, "घाम फुटला बघ वाटीला... आता थेंब धरतोय... गेली." एकोणिसाव्या खेपेची वाटी सतरा मिनिटं टिकली. बाईंनी लगेच पाटी लिहिली : 'वाटी सतरा मिनिटं टिकते. गप्पा नंतर.'

चव मात्र पुठ्ठ्यासारखी होती. म्हणून बाईंनी पिठात लसूण, मिरपूड आणि तीळ घातले, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

लोकांना वाटी आवडली. इतकी आवडली की सूप संपेपर्यंत त्यांना दम निघेना. हातात वाटी आली की ते कडा कुरतडायला लागायचे. वाटीची भिंत खाली यायची, सूप मात्र होतं तेवढंच असायचं. कचेरीच्या दारात बसणाऱ्या मुलीने फोनवर बोलता बोलता वाटीची एक बाजू निम्मी संपवली आणि सगळं सूप पाहुण्यांच्या नोंदवहीत गेलं. दुसऱ्या दिवशी एकाचा कीबोर्ड गेला. तिसऱ्या दिवशी कचेरीचे मोठे साहेब स्वतः रस्ता ओलांडून आले. त्यांच्या शर्टावर टोमॅटोचा मोठा डाग होता.

"बाई, सकाळी माझ्या केबिनमध्ये मीटिंग होती. सहा माणसं, सहा वाट्या."

"पाटी वाचली नव्हती का?"

"वाचली होती ना. पण आठव्या मिनिटाला सगळं सूप गालिच्यावर."

नवऱ्याने मनातल्या मनात बादली आणि ब्रश काढला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"काहीही झालं तरी प्लास्टिक मी परत आणणार नाही, साहेब."

"ते कोण मागतंय?" साहेबांनी मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सूप राहू दे. नुसत्या वाट्या द्याल का? बारा हव्यात."

त्या दिवशी बाकीच्यांनीही नुसत्या वाट्याच मागितल्या. एक वाजेपर्यंत त्या संपल्या आणि सुपाचं पातेलं काठोकाठ भरलेलं राहिलं. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"वाट्याही तूच केल्यास ना?" नवरा समजुतीने म्हणाला.

"सुपासाठी केल्या होत्या," बाई पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाल्या.

आठवडाभर हेच चाललं. मग वाट्यांबद्दलही कुरकुर सुरू झाली. चहाबरोबर खायला ठेवल्या की त्या चार वाजेपर्यंत मऊ पडत, म्हणून लोकांना त्या घट्ट झाकणाच्या डब्यात हव्या होत्या.

"बाजारात प्लास्टिकचे छान डबे..." नवरा बोलायला लागला आणि बाईंचा चेहरा बघून थांबला.

बाईंनी पाटी पुसून नवी लिहिली : 'वाट्या हव्या असतील तर डबा घरून आणा.'

"चार वाट्यांसाठी डबा घेऊन कोण येईल?"

"येतील."

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे डब्यांची रांग लागली. स्टीलचे, काचेचे, एक तर झाकणाला रबर लावलेला. साहेब सर्वांत पुढे होते. वाट्या घेऊन ते निघाले, दोन पावलं गेले आणि परत आले.

"बाई, डबा दोन खणांचा आहे."

"मग?"

"खालचा रिकामाच जातोय. त्यात सूप घाला की."

मागच्या सगळ्यांनी आपापल्या डब्यात वाकून पाहिलं. एकीने तर दुसरा डबा आणायला घरी फोन लावला. दीड वाजता पातेल्याचा तळ दिसू लागला. सूप वाढता वाढता नवऱ्याचा हात मध्येच थांबला.

"अगं, म्हणजे पहिल्याच दिवशी डबे आणायला सांगितलं असतं, तर ह्या वाट्यांची काही गरजच नव्हती."

"नुसत्या सुपासाठी आणले असते का कोणी?" बाईंनी त्याच्या हातातला डाव काढून घेतला. "सरका जरा. रांग वाढतेय."