बगळे सरांचं शिफारसपत्र

एका जंगलात, बाळांनो, धड पायवाट नव्हती, पण वैद्यकीचं कॉलेज होतं. मांडी घालून बसा आणि चुळबुळ न करता ऐका.

त्या कॉलेजात सगुणा मुंगूस नावाची एक विद्यार्थिनी होती. तिला तातडीचा वैद्य व्हायचं होतं. तातडीचा वैद्य म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? कुणी रक्तबंबाळ होऊन आलं, कुणाचा श्वास अडकला, तर जो आधी धावतो आणि नाव-गाव मागाहून विचारतो, तो. निदान पुस्तकात तरी असंच छापलं आहे.

सगुणाच्या डोक्यात हे वेड शिरलं त्याला कारण होतं. तिच्या धाकट्या भावाला पौषात रानडुकराची धडक बसली. आईने त्याला तोंडात धरून तातडीच्या विभागात नेलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. भाऊ दारातच गेला.

पौषात तिथे कुणी का नसतं, हे तिला कॉलेजात आल्यावर कळलं. तातडीच्या वैद्यांच्या जागांसाठी अर्ज भाद्रपदात जात. अर्जाला शिफारसपत्र लागे. पत्र त्या विभागात महिनाभर पोस्टिंग केल्यावरच मिळे, आणि ते ताजं लागे. शिळं पत्र कुणी हुंगतसुद्धा नसे. म्हणून झाडून सगळे विद्यार्थी श्रावणातलंच पोस्टिंग मागत. श्रावणात एखादा होला पक्षी पाय मुरगळून आला, तर त्याच्याभोवती डझनभर वैद्य जमत आणि पाळीपाळीने नाडी बघत. बिचाऱ्या होल्याला वाटे, आपलं काही खरं नाही. बाकीचे महिने विभागात वारा वैद्यकी करी.

सगुणाने पौष मागितला. वेळापत्रक लावणारं कासव जन्मात हसलं नव्हतं, ते त्या दिवशी हसलं.

"पौषात रोगी असतात गं," ते म्हणालं, "पण सर नसतात. पत्र कोण देणार तुला, रोगी?"

सगुणाने मुकाट्याने श्रावण घेतला.

विभागाचे प्रमुख होते बगळे सर. ते एका पायावर, डोळे अर्धे मिटून उभे असत. विद्यार्थी म्हणत, सर विचार करतात. रोगी म्हणत, सर झोपतात. रोग्यांना कोण विचारतो? सर मनाने मोठे उदार. त्यांच्या पत्रांत दरवर्षी सगळेच विद्यार्थी 'पहिल्या तिघांत' असत. एक नियम मात्र ते कडक पाळत: जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेच लिहायचं.

त्यामुळे विद्यार्थ्यांचा सगळा जीव सरांच्या नजरेसमोर राहण्यात जाई. रोगी उजवीकडे पडलेला आणि सर डावीकडे पाहत असले, तर विद्यार्थी रोग्यालाच उचलून डावीकडे आणत. वाटेत तो कण्हला, तर त्याला गप्प करत.

या विद्येत रंगनाथ सरड्याचा हात कुणी धरू शकत नसे. सर पांढरे, तर हा पांढरा. सर चिखलात उतरले, तर हा गुडघ्यापर्यंत तपकिरी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं लोक म्हणतात. रंगनाथने कुंपणच उपटून सरांच्या पायाशी आणून रोवलं होतं.

सगुणा मात्र खाली मान घालून काम करी. महिन्याभरात तिने किती जखमा बांधल्या, याची तिलाच खबर नव्हती. सरांना तर नव्हतीच नव्हती.

पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी पत्रं मिळत. त्या दिवशी विद्यार्थी सरांना मासे आणून देत. लाच नव्हे हो, परंपरा. सर तसा श्रावण पाळत, पण हा एक दिवस सोडून. रंगनाथने चांगला दांडगा, काटेरी शिंगाळा आणला. सरांनी तो कौतुकाने अख्खाच्या अख्खा गिळला, आणि तो मानेत आडवा बसला. सर एका पायावरून दोन पायांवर आले. मग कुठल्याच पायावर राहिले नाहीत.

विद्यार्थी हुशार होते. सर पाहताहेत असं समजून प्रत्येकाने खणखणीत आवाजात उपचार सांगितला. कुणी लक्षणं सांगितली, कुणी ग्रंथातला आधार दिला. पुढे मात्र कुणी सरकेना. सरांच्या परवानगीवाचून हात लावला की पत्रात 'उतावीळ' असा शेरा येतो, आणि सर परवानगी देण्याच्या अवस्थेत नव्हते. सरांची मान निळी पडत चालली. रंगनाथही आदराने निळा पडला.

आत जखम बांधत बसलेली सगुणा गलका ऐकून धावत आली. तिने सरांची चोच फाकवली, पंजा कोपरापर्यंत आत घातला, काटे मोडले आणि मासा बाहेर ओढला. सरांनी श्वास घेतला.

संध्याकाळी पत्रं वाटली. रंगनाथच्या पत्रात लिहिलं होतं, 'भीषण प्रसंगीही हा विद्यार्थी जागचा हलला नाही. पहिल्या तिघांत.' सगुणाच्या पत्रात एकच ओळ होती. 'हिचं काम मी पाहिलेलं नाही.'

सगुणा सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, तुमच्या घशातला मासा मी काढला."

"असं सगळे सांगतात खरं," सर मान चोळत म्हणाले. "पण त्या वेळी माझे डोळे पांढरे झाले होते, बाळ. न पाहिलेलं कसं लिहू? माझ्या पत्राला जंगलात काही किंमत आहे."

किंमत होती, यात वाद नाही. रंगनाथला जागा मिळाली, सगुणाला मिळाली नाही. ती खूप रडली. भाऊ गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती, आणि याचीच तिला जास्त लाज वाटली.

पुढच्या श्रावणात ती पुन्हा पोस्टिंगला आली. एका दुपारी एक ससीण पिल्लाला घेऊन धापा टाकत आली. पिल्लाचा पाय दगडाखाली चिरडला होता आणि रक्त थांबत नव्हतं. सगुणा झेपावली, आणि मध्येच थबकली. तिने वळून पाहिलं. सरांचे डोळे मिटलेले होते.

"बाई, लेकराला बघ गं आधी," ससीण म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"बघते हं," सगुणा म्हणाली. "आलेच."

ती सरांकडे गेली. हळूच खाकरली, मग जोरात खाकरली, मग धीर करून सरांचा पंख हलवला. सर जागे झाले. त्यांनी पाय बदलला, पिसं झटकली, जेवणं झाली का म्हणून चौकशी केली. सगुणाने अदबीने विचारलं, सर, आपण बघताय ना? सरांनी मान डोलावली. तेव्हा ती परत आली, आणि मग तिने जे काही केलं ते खरोखर बघण्यासारखं होतं.

पिल्लू वाचलं. पाय वाचला नाही.

ससिणीने सगुणाचे पंजे डोळ्यांना लावले, कारण तिला वैद्यकीतलं काही कळत नव्हतं. सगुणाला कळत होतं. तेव्हाच हात घातला असता तर पाय राहिला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला स्वतःची किळस आली.

मग पत्र आलं. 'पहिल्या तिघांत. किंबहुना पहिलीच.' तिने ते वाचलं. किळस गेली नाही म्हणून पुन्हा वाचलं. तेव्हा थोडी गेली. सगुणाला जागा मिळाली. आज ती जंगलातली नावाजलेली तातडीची वैद्य आहे, आणि इतरांना शिफारसपत्रं देते. तीही न पाहिलेलं लिहीत नाही.

तात्पर्य: या हाताने केलेलं त्या हातालाही कळू नये, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्यांना कुठे अर्ज करायचा नव्हता.