समोरचं चष्म्याचं दुकान

तळघरातल्या पार्किंगमध्ये जावईबापू गाडी मागे घेत होते आणि सासूबाई मागे उभ्या राहून "या, या, येऊ द्या" म्हणत होत्या. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग सासूबाईंनी पुसायला म्हणून चष्मा काढला, तो हातातून निसटला आणि नेमका मागच्या चाकाच्या वाटेत जाऊन पडला. "थांबा! चष्मा!" त्या ओरडल्या. जावईबापू थांबलेच असते, पण घाबरून त्यांचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडेच पडला. चाकाखाली काहीतरी कुरकुरलं, सासूबाईंनी टुणकन बाजूला उडी मारली आणि गाडी खांबाला जाऊन भिडली.

"लागलं का हो तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मला नाही. तुम्हाला?"

"मला काय होतंय! पण तुम्ही मला दोन-दोन दिसताय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोइंगवाला येऊन गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेला. घरातली दुसरी गाडी बायकोने प्रशिक्षणाला जाताना नेली होती आणि ती आज संध्याकाळी परतणार होती. जाताना तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठून बजावलं होतं, "आई परतीचं तिकीट काढायचं म्हणतेय. तिला इथे करमत नाही. मी येईपर्यंत तिला जरा फिरव, शहर दाखव. ती राहिली पाहिजे, काय?"

हे बायकोने सांगायचीही गरज नव्हती. सासूबाईंनी राहावं असं जावईबापूंनाच मनापासून वाटत होतं. त्या आल्यापासून ऑफिसातून घरी आल्यावर "दमलात का?" असं विचारणारं कुणीतरी होतं. जेवणानंतर पत्त्यांचा डाव पडायचा. सासूबाई पत्ते खेळताना उघडउघड लबाडी करायच्या आणि पकडलं की "वय झालं हो" म्हणायच्या. इतकी मजा त्या घरात फार दिवसांत झाली नव्हती.

पण सासूबाईंचंही खरं होतं. गावी त्या नर्स होत्या. सगळी नोकरी सायकलवर केलेली, वाड्या-वस्त्या पालथ्या घातलेल्या. "इथे मला पेटीत पत्र टाकायचं झालं तरी जावई लागतो," त्या म्हणायच्या. "अहो, माणसाने घराबाहेर पडायचं तर आधी कुणालातरी किल्ल्या शोधायला लावायच्या, हे काय जगणं झालं?"

तर सकाळी टोइंगवाला गेल्यावर सासूबाई गॅलरीत उभ्या राहून डोळे किलकिले करून पाहत होत्या. अचानक त्यांनी हाक मारली, "जावईबापू, लवकर या! अहो, समोरच की चष्म्याचं दुकान! पाटीवर केवढा मोठा चष्मा काढलाय!"

जावईबापू आले. पण ते उभे होते तिथून मध्ये झाड येत होतं आणि पाटीचा जेमतेम कोपरा दिसत होता. या घरात ते नऊ वर्षं राहत होते. त्या दुकानासमोरून रोज जात होते, पण रस्ता असा की मान वळवली की मागचा हॉर्न द्यायचा. तेव्हा सासूबाई चष्म्याचं म्हणतात तर चष्म्याचं असेल, असं म्हणून त्यांनी मान डोलावली.

"मग आत्ताच जाऊन येऊ," सासूबाई म्हणाल्या. "लेक यायच्या आत निदान काचांचं तरी होऊन जाईल. नाहीतर ती तुम्हाला फाडून खाईल."

जावईबापूंनी मोबाइलवरून भाड्याची गाडी बोलावली. ड्रायव्हरचा फोन आला. "साहेब, पत्ता समोरचाच दाखवतोय. पण यू-टर्न पार पुलापलीकडे आहे हो. चालत का नाही जात?" आणि त्याने फेरी रद्द करून टाकली.

"शहाणा माणूस आहे," सासूबाई पायात चपला सरकवत म्हणाल्या. "चला."

इमारतीच्या एका बाजूला चालत जाणाऱ्यांसाठी छोटं फाटक होतं, पण त्याला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे असते हे वॉचमनला माहीत नव्हतं. म्हणून दोघं गाड्यांच्या रॅम्पवरून चढून बाजूच्या गल्लीतल्या आडव्या दांडीपाशी आले. वॉचमनने त्यांच्या मागे पाहिलं, मग आणखी मागे पाहिलं.

"साहेब, गाडी?"

"गाडी नाही."

"मग बाहेर कसे जाणार?"

"पायांनी," सासूबाई म्हणाल्या.

वॉचमन क्षणभर विचारात पडला. गाडीशिवाय दांडी उचलायची की नाही, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी त्याने ती अर्धी उचलली आणि दोघं वाकून का होईना, पण रीतसर बाहेर पडले.

मोठ्या रस्त्यावर आल्यावर जावईबापूंना पहिल्यांदाच एक प्रश्न पडला: हा ओलांडायचा कुठून? मध्ये कंबरेएवढा लोखंडी कठडा होता, दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट धावत होत्या आणि फूटपाथ म्हणावा तर काही पावलांवर जाऊन तो झुडपात शिरत होता. तेवढ्यात करकचून ब्रेक लागला. चौथ्या मजल्यावरचे वकीलसाहेब काच खाली करून घाबरेघुबरे होऊन विचारत होते, "काय झालं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. जरा समोर चाललोय."

"पायी?" वकीलसाहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघा, आधी बसा. मग मोकळेपणाने सांगा."

मागे हॉर्नचा कल्लोळ उठला, त्यामुळे बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वकीलसाहेबांनी पुढे जाऊन वळवून आणायचं कबूल केलं. सासूबाईंनी मागच्या सीटवर बस्तान मांडलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "काय हो, तुम्हाला हे शहर आवडतं का?"

"न आवडायला काय झालं? रस्ते रुंद, पार्किंगला जागा, कुणाची कुणाला कटकट नाही."

"शेजारी कोण राहतं तुमच्या?"

वकीलसाहेब विचारात पडले. "पांढरी गाडी आहे," ते म्हणाले.

पुलाच्या अलीकडेच त्यांना कोर्टातून फोन आला. तारीख लागली होती. त्यांनी दिलगिरी व्यक्त करत दोघांना एका पेट्रोल पंपावर उतरवलं. "इथून अगदी जवळ आहे, चार मिनिटं," असं सांगून ते भुर्रकन निघून गेले. चार मिनिटं गाडीने, हे जावईबापूंच्या लक्षात आलं तोवर ती गाडी दिसेनाशी झाली होती.

पेट्रोल पंपावर गाडीशिवाय उभ्या असलेल्या दोन माणसांकडे सगळे कीव आल्यासारखे पाहत होते. दातांच्या डॉक्टरीणबाई पेट्रोल भरून निघता निघता थांबल्या. सासूबाईंची कवळी नीट बसवून दिल्यामुळे ओळख होती.

"आई, तुम्ही? गाडी बंद पडली का? बसा, बसा, माझ्या ओळखीचं गॅरेज आहे."

"अहो, आम्हाला गॅरेजला नाही..." जावईबापूंनी सांगायचा प्रयत्न केला.

"संकोच करू नका. बंद पडलेल्या माणसाला मदत नाही करायची तर कुणाला?"

डॉक्टरीणबाईंच्या गाडीत एक उशी होती, डबा होता, बदलायच्या चपला होत्या. सासूबाईंनी हात फिरवून सगळ्याचा अंदाज घेतला. "तुम्हाला आवडतं का हो इथे?"

डॉक्टरीणबाईंनी गिअर बदलला. "क्लिनिकमध्ये सगळ्यांची तोंडं उघडी, पण बोलता कुणालाच येत नाही," त्या म्हणाल्या. "घरी मी एकटीच. म्हणून डबा गाडीतच खाते. रडायचं झालं तर सिग्नलला रडून घेते. लाल दिवा मोठा असतो."

सासूबाईंनी पुढे झुकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून डबा घेऊन आमच्याकडे या. मी दुपारी एकटीच असते." डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, सिग्नल हिरवा असूनही. उद्या तुम्ही इथे असणार आहात का, हे विचारायचा मोह जावईबापूंनी आवरला.

गॅरेज तेच निघालं. दारातच त्यांची स्वतःची गाडी, पुढून धडधाकट आणि मागून चेपलेली, उभी होती. "साहेब, एवढी घाई?" मेकॅनिक म्हणाला. "पार्ट यायचाय अजून." तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"आईला बाहेर नेलंस का रे कुठे?"

"अगं, सकाळपासून बाहेरच आहोत आम्ही," जावईबापू म्हणाले. खोटं एक अक्षर नव्हतं.

"वा! काय काय दाखवलंस?"

"बरंच. पेट्रोल पंप वगैरे." आणि त्यांनी फोन घाईघाईने ठेवून दिला.

डॉक्टरीणबाई केव्हाच क्लिनिकला गेल्या होत्या. शेवटी सकाळचा टोइंगवालाच देवासारखा धावून आला. त्याला रस्त्याच्या दुकानाकडच्या बाजूनेच जायचं होतं. उंच केबिनमध्ये सासूबाईंना दोघांनी मिळून चढवलं. वर बसल्यावर त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. "तुम्हाला कसं वाटतं हो हे शहर?"

"बेस्ट!" टोइंगवाला म्हणाला. "माणसं लय चांगली आहेत, मावशी. फक्त गाडी बंद पडायला लागते. चालू गाडीतला माणूस बघत पण नाही. बंद पडली की तोच माणूस मला घरच्या भानगडी सांगतो, पाणी पाजतो, पोरीच्या लग्नाला बोलावतो."

सासूबाईंनी मान हलवली. "मला वाटलं होतं, इथे माणसंच नाहीत," त्या म्हणाल्या.

टोइंगवाल्याने दोघांना बरोबर दुकानासमोर उतरवलं. जावईबापूंनी वर पाहिलं आणि डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पाटीवर दोन मोठी वर्तुळं होती, मध्ये दांडीही होती. पण वर्तुळांना आरे होते आणि दांडीवर सीट होती.

"काय झालं? बंद आहे का दुकान?" सासूबाईंनी विचारलं.

"उघडं आहे."

"मग?"

"आई, तो चष्मा नाही," जावईबापू कसंबसं म्हणाले. "सायकल आहे."

सासूबाईंनी डोळे किलकिले करून पाटीकडे पाहिलं. झालं, आता तिकीट निघालंच, असं जावईबापूंना वाटलं. ज्या बाईला रमवायचं होतं तिला त्यांनी दिवसभर उन्हातान्हात फिरवून सायकलच्या दुकानात आणून उभं केलं होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आणि मग सासूबाई हसायला लागल्या. दुकानाच्या पायरीवर बसून, पोट धरून, कवळी सांभाळत हसल्या.

आवाज ऐकून दुकानदार बाहेर आला. डोक्यावर विरळ केस, नाकावर जाड चष्मा. जावईबापूंनी तो चष्मा पाहून आशेने विचारलं, "इथे जवळपास चष्म्याचं दुकान कुठे आहे हो?"

"ते काय, समोर."

त्याने बोट दाखवलं ते थेट त्यांच्याच इमारतीकडे. जावईबापूंच्या गॅलरीच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, भला मोठा चष्मा रंगवलेली पाटी झळकत होती.

"आम्ही तिथेच राहतो," जावईबापू पुटपुटले.

"मग इकडे कशाला आलात?" दुकानदाराने निरागसपणे विचारलं. "आणि आज त्याची सुट्टी असते."

सासूबाईंचं आता दोघांकडेही लक्ष नव्हतं. त्या आत शिरल्या होत्या आणि चाचपत चाचपत एका बुटक्या सायकलपाशी येऊन थांबल्या होत्या. त्यांनी हँडल धरलं, ब्रेक दाबून पाहिले आणि घंटी वाजवली. तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा असा काही बदलला, की जावईबापूंना त्यांच्यात वस्त्या पालथ्या घालणारी तरुण नर्स दिसली.

"मोठ्यांची सायकल कुणी विचारत नाही हल्ली," दुकानदार म्हणाला. "पोरांच्या तेवढ्या जातात."

"मग दुकान कशाला उघडं ठेवता?"

"सगळं शहर समोरून जाताना दिसतं. म्हटलं, कधीतरी कुणीतरी थांबेल. घेऊन जा, फिरवून बघा. बाकीचं मागाहून बोलू."

"पण पलीकडे जायचं कसं?" जावईबापूंनी मुख्य प्रश्न काढला.

"कसं म्हणजे? दुकानामागून रस्त्याखालून वाट आहे की. तुमच्या छोट्या फाटकापाशीच निघते. पक्की बांधलेली आहे. दिवेसुद्धा लागतात. फक्त कुणी जात नाही."

त्या वाटेने ते दोघं निघाले. जावईबापू सायकल धरून, सासूबाई सायकलला धरून. डोक्यावरून गाड्या गडगडत जात होत्या. खाली मात्र शांत होतं, थंडगार होतं आणि खरोखरच दिवे लागले होते.

"आई," अर्ध्या वाटेत जावईबापूंनी धीर केला, "ते तिकिटाचं..."

"चष्मा आल्याशिवाय तिकीट वाचता येणार आहे का मला?"

"आणि चष्मा आल्यावर?"

"चष्मा आल्यावर सायकल चालवायची की तिकिटं वाचत बसायची?" सासूबाई म्हणाल्या. "शिवाय त्या डॉक्टरीणबाई डबा घेऊन यायच्यात."

जावईबापूंना इतका आनंद झाला की त्यांनीच घंटी वाजवली.

छोटं फाटक अर्थातच कुलूपबंद होतं. मग वळसा घालून दोघं गल्लीत आले. सासूबाई म्हणाल्या, "जरा बसून बघते, तुम्ही मागून धरा." जावईबापूंनी सीट घट्ट धरली, सासूबाई डुगडुगत दांडीपाशी पोहोचल्या, आणि त्याच वेळी मागे एक गाडी येऊन उभी राहिली. बायकोची. बिनचष्म्याची आई सायकलवर आणि घामाघूम नवरा तिच्या मागे धावतोय, हे पाहून तिने जोरात हॉर्न दिला.

वॉचमनने शिट्टी फुंकली, दांडी अदबीने वर केली आणि हॉर्नवाल्या गाडीला हाताने थांबवलं. "थांबा मॅडम," तो म्हणाला. "पुढे गाडी आहे."