एकसष्टावं पान

आपण ज्या कादंबरीचा अभ्यास करणार आहोत ती मी दोनदा वाचली आहे, आणि शेवटचं पान वाचल्यावर तर दहा मिनिटं माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता, असं श्यामसुंदर घाटे यांनी मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. यातलं ‘दोनदा’ खरं होतं. पहिली साठ पानं त्यांनी खरोखरच दोनदा वाचली होती, कारण पहिल्या खेपेला डोळा लागला होता. पुढच्या पावणेदोनशे पानांना मात्र त्यांचा अजून हात लागला नव्हता. ती काय, होतील सवडीने! मागे चहाचे कप मांडणाऱ्या हेमलताबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या पुन्हा कपांकडे वळल्या.

बढाई मारण्याला कारण होतं. हिंदी मुलखातल्या या शहरात नेपियर टाउनातल्या मराठी मंडळाची वाचनाची खोली हा श्यामसुंदरांचा जीव की प्राण. रांझीच्या लष्करी सामानाच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी तिचं कुलूप काढायचे, पेपर उलगडायचे, स्वतःच वाचायचे आणि स्वतःच घडी घालून ठेवायचे. दुसरं कोणी येतच नसे. म्हणून मंडळाचे अध्यक्ष दिवाकर मुळे यांनी तिथे टेबल टेनिस सुरू करायचं ठरवलं होतं. श्यामसुंदरांनी फार गळ घातली तेव्हा ते एवढंच म्हणाले, की तुमच्या अभ्यासवर्गाला पंधरा माणसं आली तर खोली राहील, चौदा आली तर टेबल येईल.

कादंबरी मराठीच होती, पण बाजारात मिळेनाशी झालेली. तिच्यातल्या शहरात घरोघरी भिंतीवर एक यंत्र असतं. माणूस जे बोलेल, लिहील, ते यंत्र तपासतं आणि शेजाऱ्यापेक्षा वेगळं काही निघालं की पुसून टाकतं. हळूहळू सगळं शहर एकच वाक्य बोलायला लागतं. ही यंत्रं दुरुस्त करणारी एक बाई मात्र पुसलेले शब्द चोरून वहीत उतरवून ठेवत असते. इथपर्यंत साठ पानं होतात, त्यामुळे इथपर्यंत श्यामसुंदर फार रंगून सांगायचे.

प्रत एकच होती आणि वाचणारे पाच. झेरॉक्सला श्यामसुंदरांनी साफ नकार दिला, पुस्तकाची पाठ मोडते म्हणून. त्यांनी मागच्या पुठ्ठ्यावर कार्ड चिकटवलं आणि कोणाकडून कोणाकडे पुस्तक जाईल ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. आधी ते स्वतः, मग फॅक्टरीत अजून नोकरीवर असलेले रत्नाकर पाठक, मग अध्यक्ष दिवाकर, मग निवृत्त मुख्याध्यापिका शरयूताई आणि शेवटी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारी अवंती. प्रत्येकाला आठ दिवस. या कार्डानेच सगळा घोटाळा केला, कारण आपल्यानंतर पुस्तक कोणाच्या हातात जाणार हे प्रत्येकाला आधीच कळलं.

रविवारी अभ्यासवर्ग होता. गुरुवारी अवंती स्कूटर लावून वाचनाच्या खोलीत आली आणि तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. ते जाताना होतं त्याच्या दीडपट जाड झालं होतं.

“काका, ह्या किताबमध्ये कहानी कुठे आहे?” ती म्हणाली. “मी तर चार दिवसांपासून चिप्प्याच वाचून राहिली.”

श्यामसुंदरांनी पुस्तक उघडलं. एका पानावर खाकी कागद चिकटवलेला, चारही कोपरे अगदी काटकोनात. पुढे पाच पानं गेली की कुठल्यातरी सरकारी फॉर्मची पाठ. त्याच्यापुढे पांढराशुभ्र ड्रॉइंगचा कागद, कात्रीने नीट कापलेला. श्यामसुंदर फॅक्टरीत एकतीस वर्षं तपासणी विभागात होते, कागद बघून माणूस ओळखणं त्यांना जड नव्हतं. त्यांनी तिथूनच तिघांना फोन लावले. तिघांनीही कबुली दिली, आणि तीही मोठ्या अभिमानाने.

रत्नाकरांनी आपण नोकरीवर काय बनवतो हे अठ्ठावीस वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं. कादंबरीत त्या यंत्राची आतली रचना दिलेली पाहून त्यांना दरदरून घाम फुटला. पुस्तक पुढे जाणार दिवाकरांकडे, आणि दिवाकर पानाच्या ठेल्यावर सगळं बोलतात! तेव्हा रचना झाकलेली बरी. दिवाकरांना खाकी कागदाचं काही वाटलं नाही, पण न वाचता सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांवरचं एक पान मात्र बोचलं. ते स्वतः पाटणला नायब तहसीलदार होते, पण स्वतःसाठी नव्हे हो, पुढे शरयूताई वाचणार आणि त्यांचे जावई अधिकारी, त्यांना वाईट वाटेल म्हणून. शरयूताईंनी जावयासाठी कुठलीच चिप्पी लावली नाही. त्यांनी लावली ती जिन्यातल्या एका नाजूक प्रसंगावर, कारण पुढे अवंती होती आणि अवंतीचं लग्न व्हायचं होतं.

“आणि शेवटच्या पानावरची?” अवंतीने विचारलं.

शेवटच्या पानावर अर्ध्या पानाएवढी साधी पांढरी चिप्पी होती. ती तिघांपैकी कोणाचीच नव्हती. तिघांनाही वाटलं होतं, ती आधीच्याने लावली असेल, आणि आधीच्याने झाकलंय म्हणजे काहीतरी कारण असणार. कोणी विचारलंच नव्हतं. श्यामसुंदरांना मात्र ही चिप्पी पाहून इतकं हलकं वाटलं, की त्यांना त्याची लाज वाटली. शेवट कोणालाच माहीत नसेल तर आपल्याला तो माहीत नाही हे कळणार कसं?

त्यांनी अवंतीला बजावलं, की याची वाच्यता नको. ती म्हणाली, “पण काका, मी तर ग्रुपवर फोटो टाकला ना सकाळीच. पूछा की इसके नीचे क्या है.”

मंडळाच्या ग्रुपचे ॲडमिन श्यामसुंदरच होते. त्यांनी घाईघाईने चष्मा लावला आणि फोटो पुसून टाकला. तिथे ओळ उमटली, की ॲडमिनने हा मेसेज हटवला आहे. तोवर तो फोटो चारच जणांनी पाहिला होता. हटवल्यावर मात्र दोनशे जणांना तो पाहायचा होता. काय हटवलं, काहून हटवलं, असे मेसेज धडाधड यायला लागले. श्यामसुंदरांनी तेही हटवले. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नुसत्या हटवल्याच्या ओळी उरल्या, एकाखाली एक, सगळ्या एकसारख्या. त्या पाहताना त्यांना भिंतीवरच्या यंत्राची आठवण झाली आणि फोन उपडा ठेवून ते फिरायला निघून गेले.

रविवारी सकाळी वाचनाच्या खोलीत त्रेसष्ट माणसं होती. खुर्च्या संपल्या, सतरंजी संपली, काही जण खिडकीबाहेर उभे राहिले. मंडळाला गणपतीतही एवढी गर्दी व्हायची नाही. त्यातल्या सत्तावन्न जणांनी कादंबरी पाहिलीही नव्हती, पण चिप्पीखाली काय आहे ते सगळ्यांना बघायचं होतं. दिवाकरांनी दोनदा डोकी मोजली आणि टेबल टेनिसचं नाव काढलं नाही. श्यामसुंदरांचा ऊर भरून आला.

अवंतीने हेमलताबाईंकडून चहाची किटली मागून घेतली आणि पहिली चिप्पी तिच्या वाफेवर धरली. खाकी कागद सुटला. तिने अडखळत, पण खणखणीत आवाजात वाचलं. यंत्राच्या आत दोन पट्टे होते आणि एक चाक होतं. बस, एवढंच. सगळे रत्नाकरांकडे बघायला लागले आणि रत्नाकर छताकडे. जिन्यातल्या प्रसंगात एक घड्याळजी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला तिची विसरलेली छत्री परत देतो आणि देताना बोटाला बोट लागतं. शरयूताई ठसक्यात म्हणाल्या, की आज छत्री, उद्या काय! न वाचता सह्या करणाऱ्यांवरच्या पानाला तर टाळ्या पडल्या, कारण अर्धी खोली निवृत्त अधिकाऱ्यांची होती. दिवाकरही टाळ्या वाजवून मोकळे झाले.

आता शेवटची चिप्पी. श्यामसुंदर लगबगीने उठले आणि म्हणाले, की काहीतरी गूढ राहू द्यावं, साहित्यात ते चालतं. हेमलताबाई म्हणाल्या, की किटलीतलं पाणी संपलं. दोघांचं एवढं एकमत बऱ्याच वर्षांनी झालं होतं. अवंतीने किटली हलवून पाहिली. पाणी होतं.

चिप्पी सुटली ती खालची अक्षरं सोबत घेऊनच. पानावर उरला एक पिवळाधमक गोल. अवंतीने चिप्पी उलटी केली. ते कॅलेंडरचं पान होतं आणि त्यावर पेनने लिहिलं होतं, ‘नवीन सिलिंडर लावला’. ते अक्षर श्यामसुंदरांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं.

“माझी आहे ती,” हेमलताबाई म्हणाल्या. “पुस्तक ओट्यावर उघडंच पडलं होतं, मी त्यावर वरणाचं पातेलं ठेवलं. डाग दिसला तर मंडळात ह्यांची फजिती होईल म्हणून चिकटवली. पुस्तक आमच्याकडे आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी.”

मग त्रेसष्ट डोकी एकच हिशेब करायला लागली आणि तो करून झाल्यावर सगळी श्यामसुंदरांकडे वळली. दुसऱ्याच दिवशी! म्हणजे दहा मिनिटं ज्याच्यामुळे यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ते पान तरी कुठलं? श्यामसुंदरांना आता भिंतीतच शिरावंसं वाटत होतं.

त्यांची सुटका केली ती अवंतीनेच. अक्षरं गेली म्हणजे आता शेवट कधीच कळणार नाही का, असं तिने अगदी रडवेल्या आवाजात विचारलं. खिडकीबाहेरचे लोकही हळहळले.

“कळेल की,” हेमलताबाई म्हणाल्या. “मी पूर्ण वाचलीय, डाग पडायच्या आधी. शेवट अजून लक्षात आहे.”

सगळी खोली पुढे सरकली. दिवाकरांनी सांगा, सांगा म्हणून विनवणी केली. हेमलताबाईंनी पुस्तक मिटलं आणि ते नवऱ्याच्या हातात दिलं.

“सांगेन. पण आधी ह्यांना एकसष्टाव्या पानापासून वाचू द्या.”

याला आता तीन आठवडे झाले. वाचनाची खोली रोज सकाळी भरलेली असते. लोक पेपर चाळतात, एखादं पुस्तक काढतात आणि जाताना श्यामसुंदरांच्या खांद्यावरून वाकून पानाचा आकडा बघून जातात. काल ते एकशे बारावर होते. परवाही एकशे बारावरच होते, पण त्याचं कारण असं, की डोळा लागला होता.