मोझेसकाकांचं स्टेकपुराण

ग्रोसरीत जाऊन मांसाच्या पाकिटांवरची लेबलं पेनाने दुरुस्त करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मोझेसकाका चौलकर. टोरंटोतल्या आमच्या कॉन्डोत माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे अलिबागकडचे मराठी ज्यू. इथे तीस वर्षं मांसाच्या काउंटरवर काम करून रिटायर झाले. सुरी खाली ठेवली, जीभ नाही.

"कमरेचं सरलॉइन लिहिलंय आणि आत मांडीचं राउंड भरलंय! अरे, आधी कूळ विचारा, कूळ!" म्हणत ते पेन काढतात. काउंटरवरची बाई "सर, प्लीज" म्हणत धावत येते.

मी पुण्याचा. स्टेक, म्हणजे बीफचा भाजलेला जाड तुकडा, खायला इथे आल्यावर शिकलो. आईला अजून सांगितलेलं नाही. त्यामुळे काकांची शिकवणी मी जवळजवळ चोरूनच घेत असे.

"लोक सांगतात, इंग्लंडच्या राजाला सरलॉइनचा तुकडा इतका आवडला की त्याने तलवार टेकवून त्याला 'सर' केलं. थापा! फ्रेंच शब्द आहे. सुर म्हणजे वर, लाँज म्हणजे कंबर. आणि त्याच्या शेजारचं, इथलं स्ट्रिपलॉइन अमेरिकेची बॉर्डर ओलांडली की 'न्यूयॉर्क' होतं. आपला पांडुरंग इथे पँडी होतो ना, तसं."

एकदा मी विचारलं, "काका, यातलं तुम्हाला काय आवडतं?"

"मला काय माहीत? मी कुठे खाल्लंय?"

मला चेष्टा वाटली. पण खरंच. जनावराच्या मागच्या भागातली एक शीर काढल्याशिवाय तो भाग त्यांच्यात चालत नाही, आणि ती नीट काढून देणारा त्यांना इथे भेटलाच नाही. आयुष्यभर गिऱ्हाइकांना चवी समजावल्या आणि घरी येऊन बांगडा-भात खाल्ला. म्हणजे खाऊन न सांगणारा मी आणि न खाता सांगणारे ते. जोडी बरी जमली.

गेल्या उन्हाळ्यात लाँग वीकेंडला दुपारी त्यांचा फोन आला. "जेवला नसशील तर खाली ये."

बाल्कनीत एक तवा तापला होता, त्यांना न चालणाऱ्या मांसासाठी वेगळा ठेवलेला. त्यावर दोन बोटं जाड, हाडासकटचा पोर्टरहाउस स्टेक. टेबलावर ताट एकच. त्यांचा मुलगा डॅनियल व्हँकुव्हरहून येणार होता. सकाळी मेसेज आला, काम निघालं.

"हाडाच्या इकडे स्ट्रिपलॉइन, तिकडे टेंडरलॉइन," काका वाढता वाढता म्हणाले. "टी-बोन स्टेकमध्ये ही टेंडरलॉइनची बाजू चिंचोळी, यात रुंद." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

मी पहिला घास घेतला. ते समोर बसून बघत होते.

"आतून गुलाबी आहे?"

"हो, काका."

"नक्की? डॅनियलला तसंच लागतं. मागच्या वेळी माझ्याकडून जास्त भाजलं गेलं. बोलला नाही काही, पण अर्धं ठेवलं ताटात."

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

काका उठले, तवा पुसू लागले.

"चार वर्षं झाली."

माझं पोट केव्हाच भरलं होतं. मी हाडाला लागलेलं मांससुद्धा काढून खाल्लं आणि रिकामं ताट त्यांना दाखवलं.