छप्पन तासांचे आठल्येकाका

आमच्या रेवाच्या बारशाला आठल्येकाका आले, पाळण्यात न डोकावता सरळ माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पासपोर्ट कुठला?"

"माझा अजून भारताचाच आहे," मी म्हणाले.

"तुमचा कोण विचारतंय? हिचा!"

"सिंगापूरचा. हिचे बाबा इथले नागरिक आहेत ना."

"मग मिळेल." त्यांनी पेढा तोंडात टाकला, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "रजा संपल्यावर महिन्याला छप्पन तास काम कराल ना?"

मागे बायका पाळणा म्हणत होत्या. मुलीचं नाव काय ठेवलं, हे त्यांनी विचारलंच नाही.

प्रकरण असं होतं. सिंगापुरात मूल नागरिक असेल तर पाळणाघराच्या फीला सरकारची मदत मिळते. आई महिन्याला निदान छप्पन तास नोकरी करत असेल तर जास्त, नसेल तर कमी. त्यावर आणखी किती, ते घरच्या उत्पन्नावर. हे सगळं आठल्येकाकांना इतरांना रामरक्षा पाठ असते तसं पाठ होतं. आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात ते गेली तीस वर्षं तपासणी विभागात होते. पासिर रिसला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वर दोन मजले, एकटे राहायचे. घरात लहान मूल नाही, येणारं-जाणारं कुणी नाही. तरी दर रविवारी सकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलाशी ते बसायचे. शेजारी, इथं बांधून देतात तशी प्लॅस्टिकच्या पिशवीत, बिनसाखरेची काळी कॉफी लोंबत असायची आणि समोर कुणी तरी मराठी नवरा-बायको, परीक्षेला बसल्यासारखे.

"पगार सांगा. मोठ्यानं. लाजून आकडा बदलत नाही."

नवरा उत्तर द्यायला लागला की, "तुम्ही गप्प बसा. अर्ज आईचा असतो. तुम्ही नुसते उत्पन्न आहात."

एखादी बाई सांगताना रडवेली झाली तर ते घड्याळाकडे बघायचे. "भावना नंतर, फॉर्म आधी." हे वाक्य आमच्या ब्लॉकमध्ये इतकं रुळलं होतं, की नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा कुणी तरी ते वापरायचं.

मुलांशी मात्र त्यांचं जमायचं नाही. एकदा एका आईनं कागद शोधता शोधता बाळ त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी ते गळक्या पिशवीसारखं शर्टापासून हातभर लांब धरलं. बाळ रडायला लागलं तसे ते म्हणाले, "याचं झालंय काम, घ्या याला."

रेवा दोन वर्षांची झाली आणि माझी नोकरी गेली. नोव्हेनाला एका प्रयोगशाळेत होते मी. विभागच बंद केला. आता मदत कमी होणार, फी वाढणार. रेवाला घरी ठेवावं, तर मुलाखतींना कशी जाणार? मुलाखती नाहीत, तर नोकरी कुठून? पंधरा दिवस मी हेच घोळवत होते. नवऱ्याला बोलले की तो म्हणायचा, "बघू." एक दिवस लिफ्टमध्ये आठल्येकाका भेटले आणि नोकरीचं सांगताना मला त्यांच्यासमोरच रडू फुटलं.

त्यांनी विचारलं, "कोणत्या तारखेपासून?"

"काय?"

"नोकरी नाही, ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते दारात उभे. नोकरी शोधणाऱ्या आईला काही महिने आहे तीच मदत चालू ठेवता येते, मागावी मात्र लागते. शोधते आहे याचा पुरावा द्यावा लागतो. पत्राचा मजकूर त्यांनी स्वतः लिहून आणला होता. त्यात एकही विशेषण नव्हतं. पुढे रोज कामावर जाताना ते बेल वाजवायचे. "आज किती अर्ज?" मी तीन म्हटलं तर तोंड वाकडं करायचे. मला राग यायचा, पण ते येतील म्हणून मी उठायचे, अंघोळ करायचे, अर्ज करायचे. त्या दिवसांत मला उठवणारं दुसरं काही नव्हतं.

अखेर एका इस्पितळाच्या दप्तर विभागात नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी. मी पेढे घेऊन वर गेले. ते म्हणाले, "नव्या पगाराचं पत्र कुठंय? उत्पन्न बदललं, परत अर्ज." पेढा त्यांनी दारातच खाल्ला.

त्यानंतर मी रविवारी त्यांच्या मदतीला बसायला लागले. एका रविवारी पुण्याचं एक तरुण जोडपं आलं. दोघंही कंपनीच्या पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, मुलगी नऊ महिन्यांची.

काका म्हणाले, "तुमची मुलगी इथं जन्मली तरी इथली नागरिक नाही. मदत शून्य."

"माहीत आहे, काका," मुलगा म्हणाला. "नुसतं विचारून बघितलं. आम्ही तिला आई-बाबांकडे पुण्याला ठेवतोय. दोनच वर्षं."

"नाही!" काकांनी टेबलावर थाड्कन हात मारला. कॉफीची पिशवी खाली पडून फुटली. "पाठवायची नाही! एकानं नोकरी सोडा, एका खोलीत राहा, मीठ-भात खा. पण पाठवायची नाही!"

जोडपं घाबरून उठलं. जाताना मुलगी कुतूहलानं मागे वळून त्यांच्याकडे बघत होती. काका खाली वाकून रुमालानं कॉफी पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत होते.

"काका, राहू दे," मी म्हटलं.

"आम्हीही दोनच वर्षं म्हणालो होतो," ते खाली बघूनच म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांना मुलगी होती, मुक्ता. ती दहा महिन्यांची असताना तिला पुण्याला सासूबाईंकडे ठेवलं. तेव्हा हे दोघेही पासवर होते, दोघांच्या पगाराशिवाय इथं भागत नव्हतं. दोनाची तीन वर्षं झाली. बायको तिला आणायला गेली, तर ती मामाच्या पायाला मिठी मारून बसली. मामाची मुलं मामाला बाबा म्हणायची, म्हणून तीही त्यालाच बाबा म्हणायची. आठल्ये म्हणजे "सिंगापूरचे बाबा". बायको तिला आणायला गेली ती तिकडेच राहिली. हे इथं राहिले.

"तुम्ही का नाही गेलात?" मी विचारलं.

"पैसे कुणी पाठवले असते? आधी वाटलं, वर्षभरानं जाऊ. मग वाटलं, आता जाऊन कुणाला ओळख सांगायची?"

बायको वारली त्याला आता चार वर्षं झाली होती. मुक्ताचं लग्न झालं, तिला मुलगा झाला. हे लग्नाला गेले होते, पाहुण्यांच्या खोलीत उतरले होते.

त्या पावसाळ्यात मुक्ताचा मेसेज आला. कंपनी तिला तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी सिंगापूरला पाठवत होती. मुलगा नील वर्षाचा, अजून अंगावर पीत होता, त्याला आणावं लागणार होतं. "दिवसा त्याच्याजवळ बसायला तुम्हाला जमेल का? नाहीतर मी तिथली एखादी बाई बघते."

काका फोन घेऊन माझ्याकडे आले. मला वाटलं, आनंद झाला असेल. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मूल झोपवतात कसं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी रजा घेतली. मी त्यांना रेवाच्या जुन्या बाहुलीवर लंगोट बांधायला शिकवलं. ते कपाळाला आठ्या घालून शिकले. मऊ भात किती शिजवायचा, ते लिहून घेतलं. रेवा शेजारी उभी राहून बघत होती. "अंकल, नॉट लाइक दॅट ला," ती म्हणाली आणि बाहुलीची मान नीट धरून दाखवली.

पहिल्या दिवशी मुक्ता पोराला त्यांच्या हातात देऊन गेली आणि नील दुपारपर्यंत रडला. मी कामावरून आल्यावर वर गेले, तर काका घामानं निथळत घरभर फेऱ्या मारत होते आणि नील त्यांच्या खांद्यावर झोपला होता. "बसलो की उठतो," ते कुजबुजले. "दोन तास झाले." दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांच्या हातून भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो त्यांच्या चष्म्याशी खेळत होता आणि काका आंधळ्यासारखे बसून हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी मुक्ता आली, सामान भरायला लागली. टॅक्सी सांगून झाली होती.

काका एकदम म्हणाले, "मुक्ता, तू दमतेस तिकडे, नोकरी आणि हा. थोडे दिवस ठेव ना याला माझ्याकडे. मी रजा वाढवतो."

तिनं चेन लावता लावता हात थांबवला. आवाज चढवला नाही. "नाही. कुणाकडे ठेवून जाणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे."

मी दाराकडे वळले, पण पाय निघेना.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "नकोच ठेवूस."

एवढंच. ना त्यांनी कारणं सांगितली, ना तिनं विचारली. त्यांनी नीलला उचलून तिच्याकडे दिलं, बॅग खाली नेली, टॅक्सीत ठेवली. तिनं वाकून नमस्कार केला, तो परक्या वडीलधाऱ्यांना करतात तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका माझ्या दारात आले. मला सुट्टी होती, ते मात्र कामावर गेले नव्हते. हातात फोन होता.

"तिचा मेसेज आला. 'पोचलो.' मी उत्तर दिलं. चुकलं का बघा."

त्यांनी लिहिलं होतं, "नील उजव्या कुशीवर लवकर झोपतो."

"काका, ती आई आहे त्याची," मी म्हटलं. "तिला माहीत नसेल का?"

"हो की," ते ओशाळले. "मला वाटलं, सांगावं."

तेवढ्यात फोन वाजला. "माहीत आहे," तिनं लिहिलं होतं. काकांनी मान हलवली आणि फोन खिशात टाकायला लागले, तोच तो पुन्हा वाजला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, मग फोन माझ्याकडे दिला.

"मीही तशीच झोपायचे म्हणे. आजी सांगायची."

काका उंबऱ्यातच खाली बसले.

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले.