आबाजींचा रूमचा बादशहा

दारव्ह्यात आमच्या गल्लीत कोंबडी हरवली की लोक आबाजींकडे निवाड्याला जात, आणि आबाजी चौदाशे वर्षांपूर्वीच्या रूमच्या, म्हणजे पूर्व रोमच्या, बादशहाला विचारून निवाडा देत. बादशहाचं नाव जस्टिनियन. "कोंबडी भिऊन उडाली तरी मालकाचीच. मधमाशी नजरेआड गेली, का कोनाचीच नाई. बादशहा म्हणते."

आबाजी कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज आणि दस्त लिहीत. वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास. त्या अभ्यासातलं एकच पुस्तक डोक्यात राहिलं, बादशहाच्या कायद्यांचं. लग्न केलं नाही, मागेपुढे कोणी नाही. मी चौथी शिकलेली. मला वाटे, माणूस थोडा बिघडलेला आहे. अजूनही वाटतं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांचा आवाज लांब कुठेतरी जाई. बादशहाच्या शहरात तीन बाजूंनी समुद्र, शिडांची गलबतं, आभाळाला टेकलेला घुमट. त्याखाली म्हातारे पंडित हजार वर्षांचे कायदे निवडत बसलेले, आपण तांदूळ निवडतो तसे. आबाजींनी समुद्र पाहिला नव्हता. पण ऐकता ऐकता कचेरीचं टिनाचं छप्पर मलाही पाण्यासारखं हलताना दिसे. ऊनच तसं असे.

"वारा कोनाचाच नाई, वाहतं पानी कोनाचंच नाई," ते म्हणत.

"मंग पाटलाच्या विहिरीले कुलूप काहून?"

"विहीर वाहत नाई, बाई."

छप्पन साली मुलींना बापाच्या मालमत्तेत वाटा देणारा कायदा आला, त्याच्या पुढच्या वर्षी माझे वडील वारले. नेरजवळ त्यांचं कपाशीचं वावर. धाकटा भाऊ नामदेव साडीचोळी घेऊन आला. बहिणीने साडीचोळी घ्यायची आणि हक्कसोड लिहून द्यायची, अशी सगळीकडे रीत पडली होती. तो मला थेट आबाजींकडे घेऊन गेला.

आबाजींनी कागद लिहिला. मग नामदेवाला न देता माझ्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं."

मी वाचू लागले. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' इथे थांबले.

"पुढं वाच न बाई," नामदेव म्हणाला.

"राजी नाई मी. खोटं कायले लिहू?"

"बादशहानंही पोरीले पोरासारखाच वाटा देल्ला होता," आबाजी हळूच म्हणाले.

"तुमच्या बादशहाले घाला चुलीत!" नामदेवाने साडी उचलली. "बाई, वावर घे. माहेर संपलं तुह्यं."

तो गेल्यावर मी आबाजींवर उखडले. "वाटा देल्ला तुमच्या बादशहानं. आता दिवाळीले मले न्याले तो येईन काय?"

आबाजींनी टाक पुसला, पुन्हा पुसला.

वाटा माझ्या नावावर चढला. नामदेव बोलेनासा झाला. भाऊबीजेला मी पाट मांडलाच नाही.

दिवेलागणीला आबाजी दारात आले. कोट धुतलेला, पण इस्त्री नव्हती.

"नामदेव आला नाई?"

"नाई."

"मंग मी बसू काय?"

मी पाट टाकला. ते दक्षिणेकडे तोंड करून बसले. मी त्यांना वळवलं. निरांजन लावलं.

"मले कोनी ओवाळलं नाई कधी," ते म्हणाले. "डोये मिटाचे असतात काय?"

"नाई. पाह्यत राहाचं."

ते पाहत राहिले. मी तबक खाली ठेवलं तरी उठेनात. मग मी त्यांना पुन्हा एकदा ओवाळलं.